फेइशू बिंदूवरचं ॲक्युपंक्चर: दम्याच्या पेशंटचा अनुभव

पाठीत सुया आणि खाली लगेच फुप्फुसं, याचीच मला धास्ती होती. दमा लहानपणापासूनचा, त्यात काम शिकवण्याचं. दिवसभर बोलून संध्याकाळी खांदे आखडतात आणि श्वास वरच्या वर चालतो.

फेइशू, म्हणजे ॲक्युपंक्चरच्या क्रमवारीत बीएल-१३, हा पाठीवरचा बिंदू चिनी वैद्यकात खोकला, धाप आणि दम्यासाठी फार मानतात. उपचार करणाऱ्या बाईंनी जागा शोधायला घेतलेला वेळ मला सगळ्यात आवडला. मान झुकवायला लावून त्यांनी मानेच्या मुळाशी उठून दिसणारा सातवा मणका चाचपला आणि बोटाने मोजत पाठीच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत आल्या. त्याच्या टोकाखाली, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दीड त्सुन. त्सुन हे माप ज्याच्या त्याच्या अंगाचं. अंगठ्याची रुंदी म्हणजे एक. मध्यरेषेपासून खांद्याच्या हाडाच्या आतल्या कडेपर्यंत तीन त्सुन धरतात, म्हणजे बिंदू बरोबर मधोमध यायला हवा. तेही त्यांनी पडताळलं.

सुई मणक्याकडे तिरकी आणि उथळ. इथे ती सरळ खोल गेली, तर फुप्फुसाला इजा होऊन छातीच्या पोकळीत हवा शिरू शकते. मी आधीच विचारलं तेव्हा बाईंनी न चिडता कोन दाखवला. तुम्हीही विचारा, जो उत्तर टाळेल त्याच्यापुढे पालथे झोपू नका.

टोचणं किरकोळ. नंतर जड, बोथट ठणका पसरतो. त्याला 'दे-छी' म्हणतात आणि तो यावा अशीच अपेक्षा असते.

खांदे खरंच मोकळे झाले, श्वास खोल जातोय असं वाटलं. श्वास किती जोराने बाहेर सोडता येतो ते मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरचा आकडा मात्र नेहमीचाच. दम्यावर याचा उपयोग ठरवण्याइतका पुरावा, उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षेतही मिळाला नव्हता, त्यामुळे माझा इनहेलर ठरल्याप्रमाणे चालू आहे. बाईंनीही तो सोडायला कधी सुचवलं नाही. खांद्यांसाठी मी पुन्हा जाईन, दमा बरा करायला म्हणून नाही.

धुराचा त्रास होत असेल तर तेही आधीच सांगून ठेवा. याच बिंदूला मोक्साचा शेकही देतात. दवण्याच्या कुळातली एक वनस्पती वाळवून जाळतात आणि त्याचा धूर होतो. मला धुराने धाप लागते म्हटल्यावर बाईंनी दिव्याचा शेक दिला, आणि तो सुखाचा होता.