क्लेमची फाईल "वर गेलीय" म्हणाले आणि मी पोच मागितली नाही

आमचे हे गेल्या श्रावणात अचानक गेले. आठ वर्षांपूर्वी काढलेली ८ लाखांची विमा पॉलिसी होती, वारसदार मी. मृत्यूचा दाखला, पॉलिसी, पासबुक घेऊन तासगावहून एसटीने सांगलीच्या शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलाने कागद ठेवून घेतले. "काकू, फाईल वर पाठवतो," म्हणाला. मी पोच मागितली नाही, तिथेच चुकलं.

बागेची छाटणी झाली, माल उतरायला आला, तरी प्रत्येक खेपेला उत्तर एकच, फाईल वर आहे.

माघात एक फोन आला. बोलणं अदबीचं. विमा लोकपालांच्या, म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, ऑफिसातून बोलतोय म्हणाला. पॉलिसी नंबर, रक्कम, यांची जन्मतारीख, सगळं बरोबर सांगितलं. "मालकांनी शुगर लपवली होती, क्लेम नामंजूर होतोय. आजच १८,६०० रुपये फाईल चार्ज आणि जीएसटी भरा, मी थांबवतो." यांना शुगर होतीच. फॉर्मवर एजंटने काय लिहिलं होतं, मला काय ठाऊक! हातपाय गळाले. पोराच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्याने पाठवलेल्या क्यूआर कोडवर टाकले. दुसऱ्या दिवसापासून तो नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली ती पाचव्या दिवशी, तोवर पैसे पुढे निघून गेले होते. असं झालं तर त्याच तासाला १९३० लावा, लाजू नका.

गल्लीतल्या निवृत्त बँकवाल्या भाऊंनी मग समजावलं. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला ३ वर्षं झाली की आजार लपवला म्हणून कंपनीला ती नाकारता येत नाही. मध्ये बंद पडून परत चालू केली असेल तर ३ वर्षं तिथून मोजायची. आमची कधी बंद पडलीच नव्हती. एवढं एक कलम माहीत असतं तर त्या फोनला मी घाबरले नसते. आणि लोकपालांकडे तक्रारीला एक पैसा लागत नाही, वकीलही लागत नाही.

मृत्यूच्या क्लेमवर चौकशी नसेल तर १५ दिवसांत, चौकशी असेल तर ४५ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. उशीर झाला तर व्याजासकट. पण तोंडी विचारपूस तक्रारीत धरत नाहीत. म्हणून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज दिला आणि झेरॉक्सवर तारखेचा शिक्का मारून घेतला. तोच शिक्का, तोच जांभळा गोल, मी पहिल्या दिवशी घ्यायला हवा होता. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रारीची नोंद केली. टोल फ्री नंबर १५५२५५.

महिनाभर उत्तर आलं नाही, तेव्हा पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. सांगली-साताऱ्याचं काम तिथेच चालतं. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र कंपनीचा नकार आल्यापासून, किंवा उत्तराचा महिना उलटल्यापासून, वर्षाच्या आत जावं लागतं. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची, मुदत २ वर्षं. भरलेले हप्ते ५ लाखांपर्यंत असतील तर तिथेही फी नाही. पण आयोगात केस चालू असेल तर लोकपाल तेच प्रकरण घेत नाहीत, म्हणून मी आधी पुणे धरलं.

आता पुण्याच्या तारखेची वाट बघतेय. कागदांची पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलीय, शिक्क्याची पोच सगळ्यात वर.