फळ्यावर भाव लिहिणारं दूधवाल्यांचं दुकान: सव्वा वर्ष वापरून रिव्ह्यू

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या भागात 2024 च्या नवरात्रात एक दुधाचं दुकान सुरू झालं, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरकडच्या नऊ-दहा शेतकऱ्यांनी मिळून काढलेलं. नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारीपण लिहिल्यात आणि काउंटरवरचे काका रोज समोर येतात. रिक्षावाल्याला 'फळ्यावालं दूध' म्हटलं की आणून सोडतो (फळंवाला वेगळा, तो समोर बसतो).

तर फळा. साधा काळा फळा, शाळेतला असतो तसला, दाराशी टांगलेला. त्यावर खडूने रोज लिहितात आणि हा फळा वाचूनच मी आत गेले होते, दूध बघून नाही. सध्या गाईच्या दुधाचं असं लिहिलेलं असतं: शेतकऱ्याला 40, थंड करणं नि पाश्चरायझेशन 6, गाडी 7, दुकानाचं भाडं नि पगार 9, तूट-फूट 2, एकूण 64. बास. म्हशीचं 84, त्याचीपण अशीच फोड खाली असते पण ती बऱ्याचदा पुसट झालेली असते कारण तिथे लोक खांदे टेकवून उभे राहतात.

आता कोणी म्हणेल 64 रुपये लिटर गाईचं दूध, पिशवी त्याहून स्वस्त मिळते. मिळते. मीपण वीस वर्षं पिशवीच घेतली आणि अजूनही पाहुणे आले की कोपऱ्यावरून एक पिशवी आणते, त्यात काय लपवायचं. पण माझं माहेर नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं, दादाकडे सात एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाई आहेत, आणि 2024 च्या भाऊबीजेला गेले तेव्हा चहा पिता पिता त्याच्या खिशातली गावच्या दूध संघाची पावती सहज हातात आली. सकाळची पाळी, 38 लिटर, फॅट 3.6, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) 8.2, दर 25 रुपये 30 पैसे. मी म्हटलं हे काय, टीव्हीवर तर 28 सांगतात. तर तो म्हणाला, "अगं ते साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफला. फॅट एक पॉइंट जास्त लागली त्याचे 30 पैसे मिळाले, एसएनएफ तीन पॉइंट कमी लागलं त्याचे 3 रुपये गेले." म्हणजे वर चढलात तर पैशात वाढ आणि खाली घसरलात तर रुपयात कपात. ह्याला ते लोक रिव्हर्स दर म्हणतात.

मी त्याच दिवशी ठाण्याला परत येणार होते, तर सकाळच्याच दुधातलं लिटरभर थर्मासमध्ये घातलं, भोवती बर्फाची पिशवी, आणि संध्याकाळी सरळ ह्या दुकानात. ह्यांच्याकडे काउंटरवर मिल्क अ‍ॅनालायझर ठेवलेलं आहे, कुणीही कुठलंही दूध आणावं, 10 रुपयात तपासून चिठ्ठी देतात. पोराने दूध ढवळलं, कपात घेतलं, नळी बुडवली, मिनिटाभरात चिठ्ठी बाहेर: फॅट 3.7, एसएनएफ 8.5. मी दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. तीन पॉइंटचे 3 रुपये, गुणिले 38, एका पाळीचे 114 रुपये, आणि पाळ्या दिवसाला दोन. एका चिठ्ठीवरून चोरी सिद्ध होत नाही हे मलापण कळतं, दूध प्रवासात होतं, दोन मशीनमध्ये फरक पडतो, काकांनीसुद्धा तेच सांगितलं. पण दादाला फोन केला तर तो हसला. "मशीन त्यांचं, काटा त्यांचा, पावती त्यांची. भांडलो तर उद्या दूध कुठं घालू?"

दूध नाशवंत आहे हो, कांदा असता तर चाळीत टाकून वाट बघितली असती, दूध सकाळी काढलं की दुपारच्या आत कुठेतरी घालावंच लागतं आणि हे समोरच्याला पक्कं माहीत असतं.

बाकी आकडे तुम्ही पेपरात वाचले असतील. 2023 च्या जुलैमध्ये सरकारने साडेतीन-साडेआठच्या गाईच्या दुधाला 34 रुपये दर जाहीर केला, काही महिन्यांत तो प्रत्यक्षात सत्तावीस-अठ्ठावीसच्या घरात आला. मग 2024 मध्ये अनुदान, जुलैपासून संघाने 30 द्यायचे नि सरकारचे 5, ऑक्टोबरपासून संघाचे 28 नि सरकारचे 7. म्हणजे बघा, शेतकऱ्याचा आकडा 35 चा 35 च राहिला, फक्त संघाचा वाटा 2 ने कमी आणि आपल्या टॅक्समधला 2 ने जास्त. आणि गाईच्या कानात बिल्ला नि त्याची ऑनलाइन नोंद नसेल तर अनुदान मिळायचं नाही. भाव पडला की कारण एकच सांगतात, पावडर पडली. जास्तीच्या दुधाची पावडर नि बटर करतात, पावडरचा भाव उतरला की गावातला खरेदी दर लगेच उतरतो. पण ठाण्यात पिशवी कधी पाच रुपयांनी उतरलेली मला तरी आठवत नाही, ती पन्नाशी ओलांडून साठीकडे चाललेली.

मधले सगळे चोर आहेत असं मी म्हणत नाहीये. ह्या फळ्यामुळेच मला कळलं की दूध थंड करायला, घाट उतरवायला, दुकान चालवायला किती लागतात. 64 मधले 40 म्हणजे रुपयातले साडेबासष्ट पैसे. अमूल सांगतं की त्यांच्याकडे रुपयातले 80 पैशांहून जास्त उत्पादकाला जातात. हे मी काकांना ऐकवलं (जरा खोचकपणेच). ते म्हणाले, "ताई, त्यांची गाडी हजारो लिटरची, माझी सहाशेची. डिझेल दोघांनाही त्याच भावाने." मग म्हणाले की पूर्ण भरलेली गाडी आली तर 7 चे 5 होतील, ते 2 रुपये शेतकऱ्याच्या आकड्यात चढवू. हे झालं गेल्या मार्चमध्ये. अजून 7 च आहेत.

ह्याच्या आधी मी दुधाचं एक अ‍ॅप लावलं होतं, तेपण सांगते कारण बरेच जण तिथेच अडकलेत. काचेची बाटली, मानेला सुतळी, लेबलवर हसणारी गाय, 'थेट शेतकऱ्याकडून', 98 रुपये लिटर. दूध चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मी एकदा चॅटवर विचारलं की ह्यातले शेतकऱ्याला किती देता, तर उत्तर आलं 'आम्ही योग्य मोबदला देतो' आणि खाली हसरा चेहरा आणि तिकीट बंद. परत विचारलं, परत तेच, परत बंद. अ‍ॅप बंद केलं तर वॉलेटमधले 640 रुपये परत यायला तीन आठवडे. बाटल्या अजून माझ्या गॅलरीत आहेत, एकीत मनीप्लांट लावलाय.

सासूबाईंना ह्या बाटलीचं फार कौतुक वाटलं होतं, त्यांच्या लहानपणी आरेचं दूध बाटलीत यायचं आणि पहाटे कार्ड घेऊन केंद्रावर रांग लावायची. त्या म्हणतात तेव्हा भावाची भानगड नव्हती, सरकारने सांगितला तो भाव. भानगड तेव्हाही असणार, फक्त रांगेत उभ्या असलेल्या पोरीला ती दिसत नसणार.

दुधाबद्दल. पाश्चराइज्ड आहे, सुटं मिळतं, स्टीलच्या टाकीच्या नळातून, आपली किटली न्यायची (पिशवीत हवं असेल तर 2 रुपये जास्त). गाईचं तापवलं की साय पातळ पण पिवळसर, म्हशीची साय सुरीने कापावी अशी. चहाला गाईचं, दह्याला म्हशीचं असं आमचं ठरलंय. साय आठवड्याची साठवून पावणेदोन लिटर सायीवर अर्धा किलोच्या आसपास तूप निघतं, हे मी तीनदा मोजलंय कारण नवऱ्याचा विश्वास बसत नव्हता. त्यांचं विकतचं तूप रवाळ आहे, वास खमंग, आणि 22 सप्टेंबर 2025 ला तुपावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला तर त्याच सकाळी फळ्यावर 800 खोडून 750 लिहिलेलं. पनीर ठीक, जरा कोरडं. दही मात्र घेऊ नका, दुपारपर्यंत आंबट ढाण होतं, काकांना चारदा सांगितलं, ते म्हणतात विरजण गावाकडचं आहे. असेल, पण कढीशिवाय काही होत नाही त्याचं.

आता तक्रारी. गाडी माळशेज घाटातून, मुरबाड-कल्याण करत येते. पावसाळ्यात दरड आली की संपलं. गेल्या जुलैमध्ये एकदा सकाळी साडेसहाचं दूध साडेअकराला आलं, तोपर्यंत रांगेतल्या अर्ध्या लोकांनी पिशव्या घेतल्या, आणि दुसऱ्या एका दिवशी घरी येऊन तापवलं तर फाटलं. दीड लिटर. परत घेऊन गेले तर काही न बोलता बदलून दिलं, फळ्यावर 'तूट-फूट 2' च्या पुढे त्या दिवशी 'आज 3' लिहिलेलं होतं आणि एकूण मात्र 64 च ठेवलेलं. तो एक रुपया कुठून कमी केला ते बघायला मी खाली वाकले तर शेतकऱ्याच्या 40 चे 39 झालेले. मला नाही आवडलं. काकांना म्हटलं दरड काय शेतकऱ्याने पाडली का, तर ते म्हणाले, "आम्हीच शेतकरी, आम्हीच दुकानदार, कुणाच्या खिशातून काढू सांगा." ह्याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाहीये. पण भाव ठरवून दिलेला असेल तर तो दरडीच्या दिवशीपण तोच पाहिजे, नाहीतर गावातल्या संघात आणि ह्यांच्यात फरक फक्त खडूचा.

आणि ह्याचसाठी दूधवाले शेतकरी उसासारखी एफआरपी (ठरवून दिलेला किमान दर) दुधाला मागतायत. उसाला केंद्र सरकार दर हंगामाला एफआरपी जाहीर करतं, कारखान्याला त्याच्याखाली जाता येत नाही. दुधाला असं काहीच नाही. किसान सभेचे अजित नवले कितीतरी दिवस सांगतायत की दुधाला एफआरपी द्या आणि 80-20 चं सूत्र लावा, म्हणजे दूध नि त्याचे पदार्थ विकून आलेल्या उत्पन्नातला 80 टक्के वाटा उत्पादकाला. मिल्कोमीटर (फॅट-एसएनएफ मोजायचं मशीन) तपासायला बाहेरची यंत्रणा पाहिजे हीपण मागणी आहे. मला विचाराल तर ही शेवटची आधी पूर्ण करा, पैसे फार लागत नाहीत. गावातल्या प्रत्येक काट्यावरचं मशीन त्रयस्थ माणसाने येऊन तपासलं असतं तर माझ्या त्या दोन चिठ्ठ्यांचा निकाल तरी लागला असता.

2018 च्या जुलैमध्ये राजू शेट्टींचं दूध आंदोलन झालं, मुंबईचं दूध अडवलेलं, लिटरमागे 5 रुपयांसाठी. तेव्हा आमच्या सोसायटीत बायका दोन-दोन पिशव्या जास्त घेऊन ठेवत होत्या आणि लिफ्टमध्ये हमखास एक वाक्य ऐकू यायचं, दूध रस्त्यावर ओततात, त्यापेक्षा गरिबाला द्या. 2017 ला पुणतांब्याचा शेतकरी संप झाला तेव्हाही हेच. मी गप्प बसायचे, माहेर गाववाल्यांचं म्हणून उगाच कशाला. आता त्याच लिफ्टमधल्या दोघी ह्या दुकानाच्या रांगेत असतात आणि फळा मोठ्याने वाचतात, त्यातली एक तर परवा काकांना दटावत होती की भाडं 9 जास्त होतंय, दुकान आतल्या गल्लीत हलवा.

दादाने अजून ह्यांना दूध घातलेलं नाही. मी विचारलं होतं, काका म्हणाले अकोल्याहून ओतूरला आणायचं तर ब्राह्मणवाड्याच्या बाजूने गाडी लावावी लागेल आणि निदान दोनशे लिटर रोज पाहिजे, पुष्टकाळात (दूध भरपूर असतं तेव्हा) पण नि कृश काळात (कमी असतं तेव्हा) पण. दादा वाडीतल्या पाच-सहा जणांशी बोलतोय. त्यातल्या दोघांनी सध्याच्या संघाकडून गाईसाठी उचल घेतलीय, ती फिटेपर्यंत ते हलू शकत नाहीत.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो दह्याचा अर्धा आणि 39 चा अर्धा. यूपीआय चालतं पण सकाळी नेटवर्क नसतं, सुटे ठेवा. उधारी नाही, महिन्याचं कार्ड आहे, सुट्टीचे दिवस वजा करतात आणि खरंच करतात. कुठली गाय व्याली की शनिवारी चीक येतो, खरवसाला घ्यायचा असेल तर सातच्या आत जा, किटली वेगळी न्या, दुधाच्या किटलीत पोरगा ओतून देत नाही.