क्रेफिशच्या बाय-बॅकमध्ये माझे १,०६,६५० रुपये गेले

आकडा आधीच सांगते, म्हणजे "गेले असतील चार-पाच हजार" असं कुणाला वाटायला नको. क्रेफिश, म्हणजे कोळंबीसारखं दिसणारं, मोठ्या नांग्यांचं गोड्या पाण्यातलं जनावर. ते मला विकणाऱ्या माणसाने सांगितलेल्या खात्यांत मी ७८,४५० रुपये भरले. त्यातले ३,६०० त्याने परत दिले, आणि तेच ३,६०० मला सगळ्यात महागात पडले. टाक्या, स्टँड, फिल्टर, पंप यांचे ३१,८०० वेगळे. यातले साठ हजार मी आवर्ती ठेव मोडून दिले होते.

बाय-बॅक म्हणजे काय ते इथे कुणाला समजावून सांगायला नको. जनावर आम्ही देतो, तुम्ही वाढवा, पिल्लं आम्हीच विकत घेतो. याच पद्धतीने इमूचे घोटाळे झाले, कडकनाथ कोंबड्यांचे झाले. मलाही हे सगळं माहीत होतं. माहीत असूनही मी फसले, म्हणून लिहितेय.

नातेवाईक म्हणतात, लोभ नडला. मला हे मान्य नाही. चौदा वर्षं माझ्या घरात मासे आहेत. एंजल माशांची अंडी लावून पिल्लं मोठी केली आहेत. नवी टाकी चार-सहा आठवडे रिकामी चालवून, पाण्यातले विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मी तिच्यात जीव सोडत नाही. त्या माणसाला मी पहिल्याच फोनवर दहा प्रश्न विचारले होते आणि त्याने दहाही उत्तरं बरोबर दिली. क्रेफिशची जात रेडक्लॉ, मूळची उत्तर ऑस्ट्रेलियातली. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या अळ्यांना मचूळ पाणी लागतं, तसं हिला लागत नाही. अंड्यातून थेट आईसारखंच दिसणारं पिल्लू बाहेर पडतं, त्यामुळे घरच्या टाकीत पैदास होते. तांबं असलेलं औषध पाण्यात चुकूनही घालायचं नाही. लपायला प्रत्येकाला स्वतंत्र नळी हवी, नाहीतर कात टाकून मऊ पडलेल्याला बाकीचे खातात. यातला शब्दन् शब्द खरा आहे. अशा माणसावर विश्वास ठेवला यात माझं काय चुकलं?

मी सुरुवातही सावधपणे केली. एकच अंडीवाली मादी मागवली. मादीचे ४,२०० आणि पार्सलचे ३५०, म्हणजे ४,५५० रुपये. थर्मोकोलच्या पेटीत ओल्या स्पंजमध्ये गुंडाळून आली. हातात घेतली तर तिने शेपूट पोटाशी घट्ट दुमडून धरली होती. जरा सैल सोडली तेव्हा आत शेवाळी रंगाची अंडी दिसली, मोहरीपेक्षा थोडी मोठी, शेपटीखालच्या वल्ह्यांसारख्या छोट्या पायांना घोसाने चिकटलेली. टाकीत सोडल्यावर ती कोपऱ्यातल्या नळीत शिरली आणि ते छोटे पाय हलवत अंड्यांना सतत वारा घालत राहिली. पुढे अंडी तपकिरी झाली, मग नारिंगी, मग प्रत्येकात दोन काळे डोळे दिसायला लागले. पिल्लं फुटल्यावरही काही दिवस आईच्या पोटाखाली लटकून होती. मी व्हिडिओ काढला आणि आनंदाने त्या माणसाला पाठवला. त्या व्हिडिओचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाली तेव्हा ११२ उरली होती. त्याने त्यातली ९० घेतली, प्रत्येकी ४० रुपयांनी. माणूस दारात आला, पिशव्या भरल्या, आणि तो जिना उतरेपर्यंत माझ्या फोनवर ३,६०० जमा झाले. ही पहिली परतफेड म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ असतं. तेव्हा मला तो व्यवहार वाटला.

मग "युनिट". आठ सेट, एका सेटमध्ये एक नर आणि तीन माद्या, म्हणजे बत्तीस जनावरं. सेटला ७,५०० प्रमाणे ६०,०००. करारनोंदणीचे ५,०००. वाहतुकीचे २,४००. "ताई, तुम्ही फक्त पाणी सांभाळा, विक्रीचं माझ्यावर सोडा." करार म्हणजे दोन पानं, वर रंगीत शिक्का, मुद्रांक नाही, साक्षीदार नाही. पैसे भरायला दिलेलं खातं आधीच्यापेक्षा वेगळ्या नावाचं. विचारलं तर म्हणाला, भागीदाराचं आहे. खात्याचं नाव बदललं की तिथेच थांबा. भागीदार, भाऊ, अकाउंटंट, काहीही सांगितलं तरी थांबा.

जनावरं आली ती जेमतेम दीड-दोन इंचांची. मी म्हटलं, एवढी लहान? तर म्हणे लहानपणी आणली की तुमच्या पाण्याला रुळतात. हेही पटण्यासारखंच होतं. लहान का दिली ते आता कळतं. रेडक्लॉच्या नराच्या नांगीवर बाहेरच्या कडेला तांबडा मऊ पट्टा येतो, त्यावरूनच या जातीचं नाव पडलंय. माद्यांना तो येत नाही. पण हा पट्टा वयात येताना उमटतो. दोन इंचांच्या पिल्लाला नुसतं वरून बघून नर-मादी कुणी सांगू शकत नाही.

उलटं करून मात्र सांगता येतं. भिंग घ्या, पोटाकडची बाजू वर करा. चालायच्या पायांच्या जोड्या नांग्यांपासून मोजत या, नांग्यांची जोडी पहिली. तिसऱ्या जोडीच्या मुळाशी दोन गोल छिद्रं असली तर मादी. शेवटच्या, पाचव्या जोडीच्या मुळाशी दोन बारीक उंचवटे असले तर नर. दहा सेकंदांचं काम आहे. मी ते केलं नाही, कारण प्रवासातून आलेलं जनावर उगाच हाताळू नये हे मी चौदा वर्षं पाळत आले आहे. मासे पाळणारा कुणीही हेच करेल.

आता ज्या गोष्टीने माझी झोप गेली ती सांगते. दहाव्या दिवशी एकाने कात टाकली. ती सहसा टाकीतच राहू द्यावी, जनावरं ती खातात आणि त्यातलं कॅल्शियम परत मिळवतात. पण ही इतकी अखंड निघाली होती, मिशांसकट, डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट, की मी ती वाळवून काचेच्या डबीत ठेवली. पुढच्या दीड महिन्यात अशा अखंड पाच काती जमल्या. डबी माझ्या लिहायच्या टेबलावर, दिव्याखाली. कातीवर सगळं उमटलेलं असतं, छिद्रंही आणि उंचवटेही. मी पाचही काती भिंगाखाली पाहिल्या होत्या. पाचही नर. हे मला तेव्हाच, त्याच टेबलावर बसून दिसलं होतं. आणि मी स्वतःची समजूत घातली की आठ नर तर आहेतच, त्यांतल्याच पाच असतील.

तरी मी फोन केला. म्हणाला, "ताई, कात आधी नरच टाकतात." साफ खोटं. या वयात नर-मादी दोघंही वरचेवर कात टाकतात. वर म्हणाला, "आणि रेडक्लॉत दुहेरी जनावरंही असतात, दोन्ही खुणा असलेली. खुणांवर जाऊ नका." हे मात्र खरं आहे, या जातीत अशी जनावरं आढळतात. मी शोधलं, मला तशी माहिती सापडली, आणि माणूस अभ्यासू आहे म्हणून माझा विश्वास उलट वाढला. तो मूर्ख असता तर मी त्याच दिवशी वाचले असते. त्या दिवशी पाच कातींवर न थांबता टाकीतली दहा जनावरं उलटी केली असती, तर पुढचे साडेसहा हजार तरी गेले नसते आणि तक्रार वेळेत झाली असती.

हे साडेसहा हजार म्हणजे "आरोग्य प्रमाणपत्र". ते नसेल तर बाय-बॅक रद्द. भरले. तिसरं खातं.

पुढे चार महिने मी रोज सकाळी टॉर्च घेऊन टाकीसमोर बसायचे. मीलनानंतर मादीच्या पायांमध्ये नराने चिकटवलेला पांढरा ठिपका दिसतो, तो शोधायचे. पाण्याचं तापमान २७ वर ठेवलं. त्याने सांगितलं म्हणून दिवे चौदा तास चालू ठेवले. ठिपका नाही, अंडी नाहीत. मारामाऱ्या तेवढ्या वाढल्या. सकाळी टाकीच्या तळाला तुटलेली नांगी पडलेली असायची. एक-एक करत तेरा मेले.

सुट्टीत भाचा आला. प्राणिशास्त्र शिकतो. त्याने डबी उचलली, काती टेबलावर ओळीने मांडल्या आणि विचारलं, "मावशी, यात मादीची कात कुठली गं?" मग आम्ही दोघांनी युनिटमधलं उरलेलं एकेक जनावर बाहेर काढून उलटं केलं. एकोणीसच्या एकोणीस नर. तोवर नांग्यांवर तांबडे पट्टेही उमटायला लागले होते, आणि मी ते रोज बघून "रंग किती छान येतोय" म्हणत होते.

फोन केला. आधी उचलला, "बघतो" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून बंद.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी दोन तास बसवलं. टेबलामागच्या साहेबांनी मला तीन वेळा विचारलं, कोळंबी का खेकडा? मी कातीची डबी पुढे केली, तर ती बाजूला सारून म्हणाले, "मॅडम, नर दिले का माद्या दिल्या हा दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, बत्तीसपैकी चोवीस माद्यांचे पैसे घेऊन एकही मादी द्यायची नाही, खाती तीन वेगवेगळ्या नावांची, करारावरचा पत्ता खोटा, ही फसवणूक नाही तर काय? तर म्हणाले, "मेलेल्या तेरांत माद्या नव्हत्या कशावरून?" मला त्या खुर्चीत रडू फुटलं, आणि तेही त्यांना नाटक वाटलं. मेलेली जनावरं मी कुंडीत पुरली होती. ती डबीत भरून ठेवायची असतात हे मला कुठून माहीत असणार? तुम्ही ठेवा. मेलेलं प्रत्येक जनावर तारीख लिहून फ्रीजरमध्ये ठेवा, घरातले कितीही नाकं मुरडोत.

तिथून सायबर शाखेत पाठवलं. तिथे सांगितलं, ओटीपी दिला नाही, लिंक दाबली नाही, पैसे तुम्ही स्वतःहून भरलेत. परत पहिल्या ठाण्यात जा. परत गेले, तर साहेब रजेवर. बँकेत गेले, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात आधी बँकेचा तपशील आणा. मत्स्य खात्याच्या कार्यालयात एक जण निदान नीट बोलला, पण खरेदी-विक्रीच्या भांडणात आम्ही पडत नाही म्हणाला. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर खिडकीवर ऐकवलं की तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही. हेही अर्धवट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू "व्यापारी हेतू"त धरत नाहीत. हे मला वकिलाने सांगितलं, खिडकीवरच्या माणसाने नाही. सात आठवडे, अकरा फेऱ्या, आणि हातात काय, तर एका अर्जाची पोच. गुन्हा अजून नोंदलेला नाही. ज्यांचे पैसे आत्ताच गेलेत त्यांनी ठाण्यात जाण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा, पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत. मला उशीर झाला होता.

पार्सल उघडताना पहिल्या सेकंदापासून सलग व्हिडिओ घ्या, प्रत्येक जनावर उलटं करून दाखवत. माझ्याकडे तो असता तर "कशावरून" या प्रश्नाला उत्तर होतं.

हे सगळं चालू असताना आणखी एकाचा फोन आला. कुठून नंबर मिळाला देव जाणे. म्हणे नराची भानगडच नको, मार्बल्ड क्रेफिश घ्या. ही जात खरी आहे. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत ती पहिल्यांदा लक्षात आली. सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालतात, प्रत्येक पिल्लू आईची हुबेहूब नक्कल. युरोपीय संघाने २०१६ मध्ये तिला घातक परक्या जातींच्या यादीत टाकलं, म्हणजे तिथे ती पाळणं, विकणं बंद. मी त्याला एकच विचारलं. एका जनावरापासून ज्याची टाकी भरते, त्याची पिल्लं माझ्याकडून पैसे देऊन कोण घेणार, आणि का? फोन ठेवला त्याने. हाच प्रश्न मी आठ महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता.

एकोणीस नर अजून माझ्याकडेच आहेत, मध्ये जाळ्या लावून. शेजारी म्हणतात, ओढ्यात सोडून दे. कृपा करून कुणीही असं करू नका. परक्या पाण्यातलं हे जनावर एकदा बाहेर गेलं की परत आणता येत नाही. त्या नालायक माणसाचा राग मी ओढ्यातल्या माशांवर काढणार नाही.

आणि तो व्हिडिओ. गेल्या आठवड्यात तो मला जाहिरातीत दिसला, नव्या नावाने आणि नव्या नंबरसह. तीच मादी तळहातावर, शेपूट हळूच उलगडतेय, मागे निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा पडदा, मनगटाजवळ भाजल्याचा लांबट डाग. खाली लिहिलंय "आमच्या समाधानी ताई". तो हात माझा आहे.