सही दगडावरची होती

जुन्या लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेल्या, व्यक्तिचित्रांचा नाद असलेल्यांनी हे वाचावं. माझे पैसे गेले, तुमचे जाऊ नयेत.

मला व्हिएन्नाच्या योझेफ क्रीहुबर या चित्रकारानं १८४६ साली केलेलं पियानोवादक फ्रान्झ लिस्टचं चित्र हवं होतं. क्रीहुबरनं सुमारे ३००० माणसांचे चेहरे असे दगडावर उतरवले. १८३९ मध्ये डॅगेरोटाइप हा सुरुवातीचा फोटोप्रकार आला खरा, पण त्याची प्रत एकच निघे. दगडावरून शेकड्यांनी निघत. तैलचित्र ज्यांना कधीच परवडलं नसतं, त्यांच्या भिंतीवरही आवडता पियानोवादक आला तो अशा छापांमुळे. तसा एक कागद आपल्याकडे असावा, एवढीच इच्छा होती.

विक्रेत्यानं लिहिलं होतं : 'मूळ लिथोग्राफ, कलावंताच्या सहीसह.' सही पाहून मी विरघळलो. पण ही सही क्रीहुबर दगडावरच करायचा, म्हणजे ती प्रत्येक प्रतीवर छापूनच येते आणि त्या प्रतीच्या नकलेवरही येते. चित्राभोवती दाबाची खोलगट चौकट होती, तीही मला जुनेपणाची खूण वाटली. ती चौकट तांब्याच्या पत्र्यावरून काढलेल्या छापाची. लिथोचा दगड सपाट असतो. चुनखडीवर तेलकट खडूनं काढायचं, पाण्यानं ओला करायचा, शाई फक्त खडूच्या रेघांना धरते. इथं ती चौकट मुद्दाम उमटवलेली होती.

घरी दहापट भिंग चित्रातल्या गालावर धरलं आणि पोटात खड्डा पडला. खडूचा छाप दगडाच्या पोतासारखा वेडावाकडा, दाणेदार दिसतो. इथं ओळीत मांडलेले एकसारखे ठिपके होते. ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रावरची छपाई!

जाब विचारल्यावर उत्तर आलं, "ऑफसेट हीसुद्धा लिथोग्राफीच आहे." तांत्रिकदृष्ट्या ते खरं आहे, आणि माझा सगळ्यात जास्त संताप त्यामुळेच झाला. 'मूळ' शब्दाबद्दल मात्र तो काहीच बोलला नाही. दोन दिवसांत जाहिरातीतून तो शब्द गेला. मी तिचा स्क्रीनशॉट घेतला नव्हता, त्यामुळे हातात पुरावा उरला नाही.

आता पैसे देण्याआधी मी गालाचा किंवा केसांचा भिंगातून काढलेला फोटो मागतो, शिवाय कागदाच्या मागच्या बाजूचा. छपाई कोणत्या पद्धतीची आणि कोणत्या काळातली, हेही लेखी घेतो. फोटो द्यायला टाळाटाळ झाली की तिथेच थांबतो.

ती प्रत माझ्याकडेच आहे. मागे पेन्सिलीनं ठळक लिहून ठेवलंय : ऑफसेट नक्कल. माझ्यानंतर ती कुणाच्या हाती गेली, तर त्याला भिंग शोधावं लागणार नाही.