कार्डिओलॉजी ओपीडी: आता दिलेल्या वेळेला खरंच नंबर लागतो

बाबांना दर ३ महिन्यांनी हार्टच्या डॉक्टरांना दाखवायला न्यावं लागतं, गेली ४ वर्षं हेच हॉस्पिटल, त्यामुळे तिथल्या बाकांवर आमचे किती तास गेलेत ते आम्हालाच माहीत. आधी सगळ्यांनाच सकाळी १० ची वेळ द्यायचे आणि डॉक्टर तेव्हा वॉर्डात राउंडला नाहीतर कॅथलॅबमध्ये, एखादी अँजिओग्राफी लांबली की ओपीडी सुरू व्हायलाच साडेअकरा. बरं आत गेल्यावर कळायचं की आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढून या, मग खाली वेगळी रांग आणि वर आलो की परत शेवटचा नंबर. डॉक्टर चांगले आहेत, त्यांच्याबद्दल कधीच तक्रार नव्हती.

आता राउंड ८ ला, ओपीडी ११ ते २, ठरलेल्या अँजिओग्राफी त्यानंतर. आणि इमर्जन्सीला वेगळे ऑन-कॉल डॉक्टर! माझ्या मते खरा फरक यानेच पडला, कारण अटॅकचा पेशंट आला की ओपीडीतले डॉक्टर उठून जाणार, जायलाच पाहिजे, पण मग बाहेर बसलेल्या वयस्कर लोकांनी किती वेळ ताटकळायचं?

नवीन पेशंटला २० मिनिटं, फॉलोअपला १०, इको-ईसीजीची वेळ त्याच दिवशी तासभर आधीची. पहिल्या स्लॉटला दोघांना एकदम बोलावतात, मला हे चुकून झालंय असं वाटलं म्हणून डेस्कवरच्या ताईंना विचारलं, तर म्हणाल्या एकाला यायला उशीर झाला तरी डॉक्टर रिकामे बसायला नकोत. घरी येऊन शोधलं तर हे १९५२ सालीच बेली आणि वेल्च यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेलं निघालं, आकडेमोड करून! इतकी साधी गोष्ट आणि आपण अजून सगळ्यांना १० ला बोलावतोय.

आम्हाला ११:४० ची वेळ होती, ११:५० ला आत गेलो. बाबा घरी येऊन दमून झोपले नाहीत, हे पहिल्यांदाच.

एक स्टार कमी देतेय कारण दीडनंतर गाडी घसरते, मध्ये एकही स्लॉट मोकळा ठेवत नाहीत त्यामुळे पाच-पाच मिनिटं साठत जाऊन शेवटच्या पेशंटना चांगला पाऊण तास थांबावं लागतं. जमलं तर सुरुवातीची वेळ मागा. आणि न्यूरोची ओपीडी अजून जुन्याच पद्धतीने चाललीय, पुढच्या महिन्यात आईला तिथे दाखवायचंय, प्लीज तिथेही हे चालू करा.