कॅबिनेट घरी ठेवून बेस : आठ महिन्यांनंतर

गणपतीत बेस गिटारचं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, घरी ठेवलं, ते अजून घरीच आहे. चार दहा-इंची स्पीकरचं, तीसेक किलोचं धूड ऑटोत आडवं घालून रेशीमबागेत सुरेश भट सभागृहात न्यायचं, परत आणायचं, हे नागपूरच्या उन्हात करून बघा. आता सॅन्सअ‍ॅम्पचं बेस ड्रायव्हर पेडल, म्हणजे अ‍ॅम्पसारखा आवाज देणारी छोटी डबी, तिथून सरळ मिक्सरला लाइन, आणि कानात वायरवाले इअरफोन. सगळं गिटारच्या बॅगेत मावतं. मी गाडीवर जातो.

समोर पब्लिकला जाणारा आवाज सुधारला, यात वाद नाही. उघडी, म्हणजे बोटानं न दाबलेली, सगळ्यात जाड ई तार 41 हर्ट्झची, तिची लहर आठ मीटरच्या वर लांब. लहान स्टेजवर ती गायकांच्या माइकात शिरणारच. पूर्वी मी अ‍ॅम्प वाढवायचो, साउंडवाला मिक्सरवरून मला कमी करायचा, आणि गायिका दोघांवर डाफरायची. ते थांबलं. मंडपात घरघर आली तर पेडलवरचं ग्राउंडचं बटण दाबतो, बहुतेक वेळा जाते.

पण एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात फजिती झाली. पेडल मिक्सरच्या 48 व्होल्ट फँटमवरही, म्हणजे मिक्सर माइकच्या वायरीतून पाठवतो त्या विजेवरही, चालतं, म्हणून आतली 9 व्होल्टची बॅटरी मी कधी बदललीच नव्हती. दुसऱ्याच भीमगीताला कोरसचा माइक खरखरायला लागला, साउंडवाल्यानं फँटमच बंद केला. त्या मिक्सरला सगळ्या चॅनेलना मिळून एकच बटण. कानात ढोलकी आहे, गायक आहे, मीच नाही. बोटं चालूच. ढोलकीवाला मान वळवून म्हणतो, "भाऊ, बेस गेला काय?" मागे कॅबिनेट असतं तर निदान आम्हाला तरी ऐकू आलं असतं. तेव्हापासून अ‍ॅडॉप्टर आणि नवी बॅटरी, दोन्ही जवळ.

दुसरी चूक कानाची. पब्लिक ऐकू यावं म्हणून एक इअरफोन काढून ठेवायचो, मग उरलेल्याचा आवाज वाढवत जायचो. रात्री झोपताना त्या कानात शिट्टी. आता दोन्ही घालतो, आवाज कमी ठेवतो.

ड्रमर मात्र अजून कुरकुरतो. त्याच्या बारा इंची मॉनिटरमधून, म्हणजे स्टेजवरच्या त्याच्या स्पीकरमधून, बेस येतो, पण पाठीत बसत नाही. मलाही चुकल्यासारखं होतं, पँट फडफडत नाही ना!

कॅबिनेट विकायला काढलं होतं. परवा एक पोरगा बघायला आला, वायर लावून नुसती ई तार छेडली. खिडकीची काच थरथरली. मी दोन हजार वाढवून सांगितले, तो निघून गेला.