लॉटरी सेंटरवरचं छापील तिकीट आणि मशीनची स्लिप: कशाला किती गुण?

लातूर, परभणी, नांदेड, बीड... बसस्थानकाच्या किंवा मोंढ्याच्या आसपास एखादं लॉटरी सेंटर सहसा सापडतंच. दर्शनी भागात दोरीला चिमटे लावून लटकवलेली रंगीत तिकिटं. आत पडद्याआड एक संगणक, एक छोटा प्रिंटर आणि भिंतीवर आकड्यांचा तक्ता. पाटी एकच असली तरी बाहेर विकलं जातं ते आणि आत विकलं जातं ते, हे दोन वेगळे माल आहेत. दोन्हींना एकाच मापात धरल्यामुळेच गिऱ्हाईक फसतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. बाहेरच्या राज्य सरकारी छापील तिकिटाला पाचपैकी अडीच. आतल्या स्लिपवर राज्याचं आणि योजनेचं नाव नसेल तर तिला शून्य.

लॉटरीचा कुठलाही खेळ तपासताना तीन गोष्टी बघायच्या: लावलेल्या 100 रुपयांतले किती परत येतात, आकडा कोण आणि कुठे काढतं, आणि लागलेले पैसे कोण देतं. पहिल्या प्रश्नावर सरकारी तिकीट मार खातं. दुसऱ्या-तिसऱ्यावर मात्र तेच पास होतं.

महाराष्ट्र राज्य लॉटरी 12 एप्रिल 1969 ला सुरू झाली. मटक्याकडे जाणारा माणूस सरकारी तिकिटाकडे वळावा, हा हेतू होता. सागरलक्ष्मी, गणेशलक्ष्मी, वैभवलक्ष्मी अशा नावांच्या साप्ताहिक सोडती आणि दिवाळी, गुढीपाडव्याचे बंपर हा तिचा पसारा. आपल्याकडे सोयाबीनचा पैसा हातात येतो तेव्हाच दिवाळी बंपर लटकलेला असतो. विक्रेत्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता 100 रुपयांचं काय होतं ते बघू. लॉटरीवर 1 मार्च 2020 पासून 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. हा कर छापील किमतीच्या आतच धरलेला असतो. म्हणजे 100 रुपयांच्या तिकिटात पूर्वी 21 रुपये 88 पैसे कराचे होते, आता 28 रुपये 57 पैसे आहेत. उरले 71 रुपये 43 पैसे. त्यातून छपाई, वितरकाची आणि टपरीवाल्याची कमिशनं, सरकारचं उत्पन्न आणि शेवटी बक्षिसं. तेव्हा सरकारी तिकीट 'परवडतं' असं कुणी म्हणालं तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडा.

एखाद्या योजनेत नेमकं किती परत येतं ते काढणं अवघड नाही. बक्षिसांच्या तक्त्यात प्रत्येक बक्षिसाची रक्कम गुणिले त्याची संख्या करा, सगळ्यांची बेरीज करा आणि एकूण तिकिटं गुणिले किंमत या आकड्याने भागा. समजा 20 रुपयांची 10 लाख तिकिटं आहेत, म्हणजे 2 कोटी रुपये. बक्षिसांची बेरीज 1 कोटी आली तर रुपयाला पन्नास पैसे. पहिल्या बक्षिसाचा भलामोठा आकडा बघून भुलण्यापेक्षा ही बेरीज बघावी. न विकल्या गेलेल्या तिकिटालाही बक्षीस लागू शकतं का, हेही योजनेत वाचावं. 'पहिलं बक्षीस विक्री झालेल्या तिकिटांतूनच' असं छापलेलं असेल तर त्या तिकिटाचा एक गुण जास्त.

सेटचा प्रकारही समजून घ्या. "मामा, सेट हाय का?" असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा त्याला वेगवेगळ्या सिरीजची, पण शेवटचे चार आकडे सारखे असलेली तिकिटं हवी असतात. शेवटच्या चार आकड्यांवरचं बक्षीस 10,000 तिकिटांमागे एकाला असतं. दहाचा सेट घेतला तर लागेल तेव्हा दहाही तिकिटांना लागेल, नाहीतर दहाही वाया. सरासरी परतावा एका पैशाने वाढत नाही. विक्रेत्याचं मात्र काम सोपं होतं, एका गिऱ्हाइकात दहा तिकिटं खपतात.

रोजच्या सोडतीचा प्रश्न इथून सुरू होतो. 1998 चा केंद्राचा लॉटरी कायदा सांगतो की एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत नको, बंपर वर्षात सहापेक्षा जास्त नकोत, सोडत त्या राज्याच्या हद्दीतच आणि राज्यानेच काढायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकाच अंकावर बक्षीस ठेवायचं नाही. मग केरळात रोज सोडत कशी? सात दिवसांच्या सात वेगळ्या लॉटऱ्या आहेत म्हणून. रविवारी समृद्धी, मंगळवारी स्त्रीशक्ती, शनिवारी कारुण्य असं चालतं, आणि प्रत्येकीची सोडत आठवड्यातून एकदाच. सोडत तिरुअनंतपुरमला दुपारी, पंचांसमोर, यंत्रावर निघते. चोख पद्धत आहे. पण ते तिकीट केरळाबाहेर किंवा ऑनलाइन विकायला परवानगी नाही, त्यामुळे मोबाइलवर फोटो पाठवून 'केरळ लॉटरी घरपोच' म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका.

खरा रोजचा आकडा, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः आकडे निवडायचे आणि राज्याने रोज सोडत काढायची, हा खेळ अमेरिकेतल्या राज्यांनी पक्का बसवला. न्यू जर्सीने 1975 ला सुरुवात केली. टेक्साससारख्या राज्यात तो 'पिक थ्री' नावाने चालतो आणि सोमवार ते शनिवार दिवसातून चार सोडती होतात. 000 ते 999 मधला आकडा निवडायचा. एक डॉलर लावून तिन्ही अंक त्याच क्रमाने आले तर 500 डॉलर. क्रम कुठलाही चालेल असं लावलं आणि तिन्ही अंक वेगळे असले तर 80, दोन अंक सारखे असले तर 160. आता गणित करा. हजार शक्यतांमध्ये एक, 500 पट, म्हणजे 50 टक्के परत. वेगळ्या तीन अंकांचे सहा क्रम होतात, सहा गुणिले 80 म्हणजे 480, म्हणजे 48 टक्के. तीन गुणिले 160 सुद्धा 480. तेव्हा 'कुठल्याही क्रमाने' हा पर्याय सुरक्षित वाटला तरी दोन टक्के महागच पडतो. न्यू जर्सीत तर ठरलेली रक्कमच नाही, जमलेल्या पैशातला बक्षिसाचा वाटा जिंकणाऱ्यांत विभागला जातो. त्यामुळे 777 सारखा लाडका आकडा निघाला की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं.

या खेळाची जमेची बाजू म्हणजे आकडा काढण्याची शिस्त, आणि ती ठेच लागूनच आली. पेनसिल्व्हेनियात 24 एप्रिल 1980 ला 666 निघाला. हवेच्या झोतावर उडणाऱ्या हलक्या चेंडूंपैकी 4 आणि 6 सोडून बाकीच्यांत पांढरा रंग भरून ते जड केले होते. म्हणजे निघू शकणारे आकडे उरले फक्त आठ: 444 पासून 666 पर्यंत, चार आणि सहाच्या जुळण्या. त्याच आठ आकड्यांवर भरमसाट पैसा लागला आणि त्यावरूनच बिंग फुटलं. टीव्हीवर सोडत सादर करणारा निवेदकच तुरुंगात गेला. राज्याच्या खेळातही लबाडी होते, पण विक्रीच्या नोंदी असल्यामुळे ती सापडते.

आता मटका. त्याची परीक्षा न करता हा लेख पुरा होणार नाही, कारण पडद्याआडची बरीच मशीनं मटक्याचंच गणित वापरतात. मटक्याच्या बाजारांपैकी कल्याण 1962 पासून, न्यू वरळी 1964 पासून. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर आकडा लागायचा. तीन पत्ते काढायचे, 2, 5, 8 आले तर बेरीज 15, शेवटचा अंक 5, हा झाला ओपन. तसाच क्लोज. दोन्ही मिळून जोडी. त्या तीन पत्त्यांचे अंक चढत्या क्रमाने लिहिले की झाला पाना, आणि बेरजेच्या प्रत्येक अंकाखाली 22 पाने: 12 सिंगल (तिन्ही अंक वेगळे), 9 डबल (दोन सारखे), 1 ट्रिपल (तिन्ही सारखे). ओपन किंवा क्लोजच्या एका अंकावर लावलं (यालाही सिंगलच म्हणतात) तर साधारण एकाला 9, जोडीला 90.

दहात एक, नऊ पट. शंभरात एक, नव्वद पट. म्हणजे कागदावर 90 टक्के परत! सरकारी तिकिटापेक्षा आणि अमेरिकेतल्या खेळापेक्षा कितीतरी चांगला दर. जुने खेळणारे हेच तोंडावर फेकतात, आणि गणित बरोबर आहे. फक्त ते एका अटीवर बरोबर आहे: आकडा नशिबाने निघाला पाहिजे. समजा एका बाजाराला जोडीवर 1 लाखाचं कलेक्शन आलं. 37 वर 2,000 रुपये लोड आहे, 64 वर 100. 37 फुटला तर 1,80,000 द्यावे लागतील, 64 फुटला तर 9,000. पत्ते ज्याच्या हातात आहेत तो काय फोडेल? इथे सोडतीला पंच नाहीत, पत्ते काढताना गिऱ्हाईक समोर नाही. मग 90 टक्क्यांचा आकडा नुसता जाहिरातीपुरता उरतो. त्यात खायवाडीवाल्याने, म्हणजे आकडा घेणाऱ्याने, मोठी रक्कम द्यायची टाळली तर दाद मागायला जागा नाही. पैजेचा करार कायद्याने रद्दबातल असतो, आणि मटका लावणं हा मुळात गुन्हा आहे, घेणाऱ्याचा आणि लावणाऱ्याचाही.

चार्टचं, म्हणजे आधी निघालेल्या आकड्यांच्या तक्त्याचं, खूळ वेगळंच. 'साठ बाजार झाले, 37 आला नाही, आता येणारच' हे भिंतीवरच्या तक्त्यासमोर रोज ऐकायला मिळतं. आकडा प्रामाणिकपणे निघत असेल तर एखादी ठरावीक जोडी शंभर सोडतींत एकदाही न येण्याची शक्यता सुमारे 37 टक्के असते. दोनशे सोडतींतही 13 टक्के. म्हणजे ही काही नवलाई नाही. 'डबल करत जा' हा सल्लाही तसाच. सिंगलवर 10 रुपयांपासून दुप्पट करत गेलात तर दहावी रक्कम 5,120 ची, आणि तोवर एकूण 10,230 रुपये गेलेले. लागोपाठ दहा वेळा आकडा हुकण्याची शक्यता जवळपास 35 टक्के.

मशीनची स्लिप प्रत्येक वेळी बेकायदा असते असं मात्र नाही. 2010 च्या केंद्रीय नियमांत ऑनलाइन, म्हणजे मशीनवर विकल्या जाणाऱ्या, लॉटरीला जागा आहे. पण त्याच नियमांत एका राज्याच्या सगळ्या योजना मिळून दिवसाला 24 सोडतींची मर्यादा आहे. दर पंधरा मिनिटाला सकाळपासून रात्रीपर्यंत सोडत चालली असेल तर बोटांवर मोजून बघा: तासाला चार, सहा तासांतच 24 संपतात. स्लिपवर राज्याचं नाव, योजना, सोडतीची तारीख-वेळ, किंमत, अनुक्रमांक आणि बारकोड हवा. नुसते आकडे आणि वेळ असेल, किंवा एकाच अंकावर पैसे घेत असतील, तर ती सरकारी लॉटरी नाही.

खरी स्लिप असली तरी ती थर्मल कागदावरची असते. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवली की दुपारपर्यंत काळी पडते आणि बारकोड वाचला जात नाही. तिचा लगेच फोटो काढा, पाकिटात प्लास्टिकला चिकटवून ठेवू नका. छापील तिकिटावर मागे लगेच नाव-पत्ता लिहून सही करा, दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा. लॅमिनेशन करू नका, बारकोडवर घडी घालू नका. निकाल स्वतः तपासा, सगळ्या बक्षिसांच्या रांगा बघा. सेंटरवाल्याच्या हातात तिकीट देऊन 'बघ रे लागलंय का' म्हटलं की शेवटच्या चार आकड्यांचं छोटं बक्षीस हमखास 'दिसत नाही'. आणि छोट्या बक्षिसाच्या बदल्यात नवी तिकिटं घेण्याचा आग्रह झाला तर रोख मागा.

पैसे मिळण्याची बाजू महाराष्ट्र लॉटरीची बरी आहे, अंतर सोडून. 10,000 रुपयांपर्यंतचं बक्षीस विक्रेत्याकडून मिळतं. त्यावरचं वाशीच्या कार्यालयाकडे मागायचं. 10,000 च्या वर गेलं की पूर्ण रकमेवर 30 टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच कापलेला आयकर. म्हणजे 10,000 लागले तर हातात 10,000, आणि 12,000 लागले तर 8,400! वर नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसने ठाण्याला उतरून वाशीची लोकल धरायची. 1 लाखाचे 70,000 मिळतात, विवरणपत्रात त्यावर 4 टक्के उपकर वेगळा, म्हणजे आणखी 1,200. बाकी उत्पन्न कितीही कमी असलं तरी स्लॅबची सूट इथे नाही, आणि वर्षभर घेतलेल्या तिकिटांचा खर्चही वजा होत नाही. मूळ तिकीट, आधार, पॅन आणि बँक पासबुकाची प्रत बरोबर ठेवा. दाव्याची मुदत तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेली असते, ती घेतानाच वाचा. मुदतीत दावा न केलेली रक्कम सरकारजमा होते.